कारण लिहून द्या

पत्र पहिले
वॉशिंग्टन, सोमवार

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

आपल्याकडून अमेरिकेचे राजकारण पाहिले की निवडणुका, भाषणे आणि आरोप-प्रत्यारोप एवढेच दिसते. इथे आल्यावर लक्ष जाते ते सरकारच्या राजपत्राकडे, 'फेडरल रजिस्टर'कडे. सरकारी सुट्ट्या सोडल्या तर कामाच्या प्रत्येक दिवशी ते निघते. बारीक टायपातले तीन स्तंभ, वर खात्याचे नाव, खाली विषयाचा गोषवारा, हरकती कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत पाठवायच्या ती सूचना, मग पानेच्या पाने कारणमीमांसा; प्रत्यक्ष नियमाचा मजकूर येतो तो शेवटी. उद्या छापायचे कागद आज सकाळी पावणेनऊला लोकांसाठी खुले होतात. तुमची सारी नोकरी महसूल खात्यात झाली. टिपणी, शेरा आणि हुकूम यांतला फरक तुम्हाला समजावून सांगायला नको. म्हणून या पत्रांतून एकच म्हणणे तुमच्यापुढे मांडतो. या देशात सत्तेला रोजच्या रोज आवरून धरते ती निर्णयाचे कारण लिहून देण्याची सक्ती. नोकरशाही कारण लिहिते, न्यायालय ते तपासते, वृत्तपत्रे ते लोकांपर्यंत नेतात. तिघांपैकी एकाने हात आखडता घेतला की उरलेल्या दोघांचे काम पंगू होते.

ही शिस्त ठेच लागून आलेली आहे. १९३० नंतरच्या मंदीत खात्यांमागून खाती उभी राहिली आणि हुकमांचा पाऊस पडला, पण ते सारे हुकूम एका जागी छापण्याची सोय नव्हती. तेलाच्या उत्पादनावरील निर्बंधांचा खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, तेव्हा उघड झाले की ज्या नियमाच्या आधारे सरकार कारवाई करत होते, तो नियम एका दुरुस्तीत चुकून गळून गेला होता. त्या नामुष्कीनंतर १९३५ साली राजपत्राचा कायदा झाला आणि १४ मार्च १९३६ रोजी पहिला अंक निघाला. १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याने पुढची पायरी बांधली: सामान्यतः नियमाचा मसुदा आधी छापायचा, हरकती व सूचना मागवायच्या, आणि अंतिम नियमासोबत कारणे द्यायची. हरकतींत जे मुद्दे महत्त्वाचे असतील त्यांना उत्तर दिल्याशिवाय नियम कोर्टात टिकत नाही. आपल्याकडे विकास आराखड्यावर हरकती मागवतात, तसेच हे. फरक इतकाच की इथे प्रत्येक महत्त्वाच्या मुद्द्याचे उत्तर छापील पानावर शोधता येते.

आपल्या माणसांच्या जिव्हाळ्याचे उदाहरण घ्या. एच-१बी व्हिसावर आलेल्या नोकरदारांच्या पत्नी किंवा पती एच-४ व्हिसावर येतात आणि त्यांना नोकरी करता येत नसे. ग्रीन कार्डाच्या वाटेवर ठरावीक टप्पा गाठलेल्यांच्या जोडीदारांना ती मुभा देण्याचा मसुदा मे २०१४ मध्ये निघाला. त्यावर सुमारे १३ हजार अभिप्राय आले. २५ फेब्रुवारी २०१५ च्या अंतिम नियमात खात्याने ते विषयवार लावून त्यांना उत्तरे दिली आहेत. स्थानिक कामगारांच्या पोटावर पाय येईल, ही हरकतही तिथे आहे. पहिल्या वर्षी १,७९,६०० जण पात्र ठरतील, असा खात्याचा अंदाजही तिथेच आहे.

पत्र दुसरे
वॉशिंग्टन, गुरुवार

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

कारण लिहिले, पण ते तपासणारे कोणी नसेल तर ती नुसती रंगसफेदी होते. म्हणून आज न्यायालयाबद्दल. इथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या दालनात कॅमेऱ्याला मज्जाव आहे. वकिलांच्या मेजावर आजही जुन्या प्रथेप्रमाणे पिसाच्या पांढऱ्या लेखण्या ठेवतात. बोलणाऱ्यासमोर पांढरा दिवा लागला की पाच मिनिटे उरली आणि लाल लागला की वेळ संपली. एका बाजूला साधारण अर्धा तास मिळतो, आणि त्यातलाही मोठा हिस्सा नऊ न्यायमूर्तींचे प्रश्न खातात. खरा युक्तिवाद आधीच कागदावर झालेला असतो.

न्यायालयाच्या या तपासणीवर पहिला आक्षेप असा की लोकांनी निवडून दिलेल्या सरकारला, तहहयात नेमलेल्या न्यायाधीशांनी का अडवावे? आक्षेप वजनदार आहे, पण २०१९ चा जनगणनेचा खटला त्याला उत्तर देतो. २०२० च्या जनगणनेत नागरिकत्वाचा प्रश्न घालायचे वाणिज्यमंत्र्यांनी ठरवले. अल्पसंख्याकांच्या मतदानहक्काच्या कायद्याची अंमलबजावणी नीट व्हावी म्हणून न्याय खात्याने ही माहिती मागितली आहे, असे कारण त्यांनी दिले. खटल्यात कागदपत्रे बाहेर आली तेव्हा दिसले की मंत्र्यांचा मनोदय आधीपासूनचा होता आणि न्याय खात्याची मागणी नंतर मिळवलेली होती. न्यायालयाने असा प्रश्न विचारण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला. तरीही पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की दिलेले कारण पुराव्याशी जुळत नाही. प्रश्न वगळावा लागला. निवडणुकीने सरकारला निर्णयाचा अधिकार मिळतो. त्या निर्णयाबद्दल लोकांना खोटे कारण सांगण्याचा अधिकार मिळत नाही. न्यायालयाने तपासले ते एवढेच.

नव्या सरकारने जुना नियम बदलूच नये, असाही याचा अर्थ नाही. एच-४ ची मुभा काढून घेण्याचा इरादा ट्रम्प सरकारने २०१७ मध्ये जाहीर केला. पण त्यासाठीही मसुदा, हरकती आणि कारणे हीच वाट होती. तो मसुदा व्हाइट हाउसच्या छाननीपर्यंत गेला, छापला मात्र कधीच गेला नाही, आणि जानेवारी २०२१ मध्ये पुढच्या सरकारने मागे घेतला. लाखभर घरांची मिळकत एका पत्रकाने बुडाली नाही, ती या वाटेच्या लांबीमुळे. दुसरीकडे, २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४० वर्षांचा दंडक मोडला आणि कायदा संदिग्ध असेल तिथे खात्याचा अर्थ ग्राह्य धरण्याचे बंधन न्यायालयांवर उरले नाही. न्यायाधीश आता खात्यातल्या जाणकारांच्या जागी स्वतःला बसवतील, ही भीती रास्त आहे. म्हणूनच न्यायालयालाही तीच कसोटी लावायला हवी. जुलै २०२५ मध्ये शिक्षण खात्यातली मोठी कर्मचारीकपात सुरू ठेवायला परवानगी देणारा तातडीचा आदेश बहुमताने एका ओळीचेही कारण न देता काढला. विरोधी न्यायमूर्तींनी मात्र आपले म्हणणे सविस्तर लिहिले. निकाल कोणाच्याही बाजूचा असो, इतरांकडून कारण मागणाऱ्याने स्वतः मौन धरले की त्याच्या शब्दाची पत घसरते.

पत्र तिसरे
एडिसन, न्यू जर्सी, रविवार

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

उरली वृत्तमाध्यमे. २८ जून २०१२ रोजी ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याचा निकाल लागला. निकालपत्राच्या सुरुवातीला व्यापाराचे नियमन करण्याच्या संसदेच्या अधिकाराचा मुद्दा सरकारच्या विरुद्ध गेला होता. तेवढे वाचून सीएनएन आणि फॉक्स यांनी कायद्याची विमासक्ती रद्द झाल्याची बातमी दिली. पुढच्या पानांवर तीच सक्ती कर म्हणून वैध ठरली होती. दोन मिनिटांची घाई साऱ्या देशाला चुकीचे सांगून गेली. माध्यमांचे बळ आणि दुबळेपण दोन्ही यात आहे: कारण शेवटपर्यंत वाचणारा बातमीदार असेल, तरच ते कारण लोकांचे होते. अशा वाचणाऱ्यांचीच संख्या घटते आहे. २००५ पासून या देशातली एक तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली, आणि त्यांत बहुतेक लहान गावांतली होती. माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा १९६६ पासून आहे, उत्तराची मुदत २० कामकाजी दिवसांची आहे. पण अर्ज रखडला की कोर्टात जायला पैसा लागतो, आणि लहान वृत्तपत्राकडे तो नसतो.

आणखी एक आक्षेप असा की हरकतींचा हा दरबार धनवंतांचा आहे. तो बऱ्याच अंशी खरा आहे. इंटरनेट सेवेच्या नियमांवर २०१७ मध्ये २ कोटी २० लाखांवर अभिप्राय आले. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या चौकशीत त्यांतले सुमारे १ कोटी ८० लाख बनावट निघाले, आणि लाखो अभिप्रायांमागे कंपन्यांचा पैसा होता. पण ही लबाडी सापडली, कारण सारे अभिप्राय जाहीर नोंदीत होते. बंद दाराआड कानात सांगितलेली शिफारस कोणाला कधी मोजता येईल?

आता दुसरी वाट पाहा. १९ सप्टेंबर २०२५ रोजी, शुक्रवारी, एच-१बी साठी एक लाख डॉलर शुल्काची अध्यक्षीय उद्घोषणा निघाली आणि रविवार उजाडताच ती लागू होणार होती. मसुदा नाही, हरकती नाहीत. सुट्टीवर भारतात गेलेल्या लोकांनी मिळेल त्या विमानाचे तिकीट काढले. हे फक्त नव्या अर्जांना लागू आहे, असा खुलासा दुसऱ्या दिवशी आला. परकीयांच्या प्रवेशाबाबत अध्यक्षांना कायद्याने मोठे अधिकार आहेत, हे खरे. पण साधी शंका विचारायला जागा ठेवली असती, तर तो खुलासा मूळ कागदातच असता. मसुदा-हरकतींच्या वाटेने दिरंगाई होते, असा आक्षेप घेणाऱ्यांनी या धावपळीची किंमतही हिशेबात धरावी.

शेवटी एक सांगतो. एच-४ च्या नियमाविरुद्ध एप्रिल २०१५ मध्ये खटला भरला तो दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका वीज कंपनीतून काढलेल्या संगणक कर्मचाऱ्यांनी. त्यांच्या जागी परदेशी कंत्राटी माणसे आली होती. २०२३ मध्ये ते हरले, ऑगस्ट २०२४ मध्ये अपिलात हरले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे प्रकरण ऐकायला नकार दिला. इथे एडिसनमध्ये सकाळी नोकरीवर निघणाऱ्या आपल्या कितीतरी लेकी त्या निकालांमुळे निर्धास्त झाल्या, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. तरी त्या हरलेल्यांचे दुःखही खरे आहे. त्यांची हरकत सरकारी दप्तरात आहे, ती का मानली नाही हेही तिथे लिहिले आहे, आणि उद्या त्यांना काँग्रेसकडे, म्हणजे इथल्या संसदेकडे, जायचे झाले तर वाद कुठून पुढे न्यायचा ते ठाऊक आहे. जिंकणाऱ्याला निकाल पुरतो; कारण लागते ते हरणाऱ्याला. आपल्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमातही, निर्णयाची झळ ज्यांना बसते त्यांना कारणे कळवावीत, असे म्हटले आहे. तुमच्या जुन्या कचेरीत नव्याने रुजू होणाऱ्या मुलांना तेवढे एक कलम तरी वाचून दाखवा.

आपला,
पुतण्या