आमच्या घरातील पहिला परदेशप्रवास

परदेशगमनाचे अप्रूप आता कोणास उरले आहे? आमच्या आळीतील निम्म्याअधिक घरांची मुले आज समुद्रापलीकडे नांदत आहेत, आणि नातवाच्या मुंजीचा मुहूर्तही तिकडची रजा पाहून धरावा लागतो. परंतु माझ्या लहानपणी वाईसारख्या गावी ‘आम्ही सहकुटुंब परदेशी जाऊन आलो’ असे म्हणू शकणारे घर विरळाच. १९७० सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मी मात्र हे वाक्य शाळेत मोठ्या ऐटीने उच्चारीत असे. तो परदेश म्हणजे नेपाळ, हे कळताच मुले हसत. त्यांच्या हसण्याचे मला आज वैषम्य वाटत नाही. कारण त्या प्रवासात जो खरा परदेश माझ्या दृष्टीस पडला, तो कोणत्याही नकाशात दाखविलेला नाही.

आमचे वडील संस्कृतचे शिक्षक. आजोबांना जाऊन दोन वर्षे झाली होती आणि आजीची काशीयात्रा आपल्या हातून घडावी, ही त्यांची फार दिवसांची इच्छा होती. काशीपर्यंत जायचेच, तर तसेच पुढे जाऊन पशुपतिनाथाचेही दर्शन घ्यावे, असे त्यांनी ठरविले. १९५० साली झालेल्या तहामुळे आपल्या लोकांस नेपाळात जाण्यास पारपत्र लागत नाही, हे त्यांनी घरच्या मंडळींना दोनदा समजावून सांगितले. तरी काकूंनी शंका काढलीच.

“भावोजी, परदेशी जाऊन आल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागते म्हणतात.”

वडील हसून म्हणाले, “शास्त्रकारांनी निषेध केला तो समुद्रयानाचा. आपल्या वाटेत समुद्र नाही. आहे ती गंगा.”

डाळ निवडता निवडता आजी म्हणाली, “समुद्र असो की नसो. जिथून परत येता येत नाही, तो परदेश.”

तिच्या या व्याख्येकडे त्या वेळी कोणाचेच लक्ष गेले नाही.

शिदोरीची तयारी दोन दिवस चालली होती. आजी परान्न घेत नसे. म्हणून दुधात भिजविलेल्या दशम्या, लाडू, मेतकूट आणि मुक्कामी शिजविण्यापुरते तांदूळ बरोबर घ्यावयाचे होते. तांदूळ मापताना आजी ओठांतल्या ओठांत नेहमी काही पुटपुटत असे : “ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु...” हा अन्नपूर्णेचा मंत्र असून तो म्हटल्याने डब्यातील धान्य सरत नाही, अशी आम्हा मुलांची दृढ समजूत होती. मोठ्यांपैकी कोणी ती दुरुस्त केली नाही. रोज कानांवर पडणाऱ्या गोष्टी माणसाला ऐकू येत नाहीत, हेच खरे.

काशीचा मुक्काम आटोपून आम्ही पाटण्यास आलो. तेथे गंगेवर तेव्हा पूल नव्हता. महात्मा गांधी सेतू झाला तो १९८२ साली. महेंद्रू घाटावर आगबोटीत बसायचे, पैलतीरी पहलेजा घाटास उतरायचे आणि पुढे लहान रुळांच्या गाडीने रक्सौल गाठायचे. रक्सौलहून टांग्याने निघालो, तेव्हा नकाशात पाहिलेली सरहद्दीची रेघ जमिनीवर कशी दिसते, हे पाहण्यासाठी मी टांग्याबाहेर इतका वाकलो की, आईने मला दंडाला धरून आत ओढले. रेघ दिसली नाही. वीरगंज आले, तरी तीच धूळ, त्याच गाई, तेच आंब्याचे ढीग. “आलो बरे का परदेशात!” असे वडील म्हणाले, तेव्हा माझी घोर निराशा झाली.

तथापि थोड्याच वेळात नवल वाटू लागले. दुकानांवरच्या सगळ्या पाट्या देवनागरीत होत्या. मी भराभर वाचीत सुटलो. परंतु वाचलेले कळेना. ‘पसल’ म्हणजे दुकान, हे दहा पाट्या वाचल्यावर उमगले. एका दुकानातील दिनदर्शिकेवर साल होते २०२७! आपण सत्तावन्न वर्षे पुढे येऊन पडलो की काय, या भीतीने मी वडिलांचा हात धरला. मग येथे विक्रमसंवत् चालतो, असे त्यांनी सांगितले. अक्षर ओळखीचे आणि अर्थ परका, ही अवस्था किती चमत्कारिक असते, याचा तो माझा पहिला अनुभव.

काठमांडूची वाट त्रिभुवन राजपथाची. भारताच्या साहाय्याने बांधलेला हा रस्ता १९५६ साली पुरा झाला. त्यापूर्वी त्या राजधानीस जाण्यास मोटाररस्ताच नव्हता. राजघराण्यातील लोकांच्या मोटारी हमाल खांद्यांवरून डोंगरापार नेत असत. सुमारे अडीच हजार मीटर उंचीची खिंड ओलांडीपर्यंत इतकी वळणे लागली की, आई, धाकटी बहीण आणि मी तिघेही आडवे झालो. आजी तेवढी आवळासुपारी तोंडात धरून ताठ बसली होती.

दुसऱ्या दिवशी प्रातःकाळी आम्ही बागमतीच्या काठी पशुपतिनाथाच्या मंदिरात गेलो. दुमजली सोनेरी छप्पर, पश्चिमद्वारासमोरचा प्रचंड नंदी आणि गाभाऱ्यातील चतुर्मुख लिंग पाहून मी दिपून गेलो. वडिलांचे लक्ष मात्र पूजकांकडे होते. परदेशात संस्कृतातच बोलायचे, असा निश्चय करून त्यांनी वाईहून वाक्ये घोळवीत आणली होती. दर्शन झाल्यावर बाहेरच्या बाजूस उभ्या असलेल्या एका तरुण भट्टजींना त्यांनी संस्कृतात कुशल विचारले. भट्टजींनीही शुद्ध, खणखणीत संस्कृतात उत्तर दिले. वडिलांच्या मुद्रेवर जो आनंद पसरला, तसा मी त्यांच्या बढतीच्या दिवशीही पाहिला नव्हता.

संभाषण संपल्यावर भट्टजी प्रसाद देण्यासाठी वळले आणि आम्हा पाच जणांकडे बोट फिरवीत स्वतःशीच मोजू लागले : “ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु.”

मी ओरडलो, “आजी, हे बघ! यांनाही तुझा मंत्र येतो!”

आजी खांबाशी उभी होती. तिचे ओठ हलले; पण शब्द बाहेर पडेना. मग पदर सावरून ती दोन पावले पुढे आली आणि कापऱ्या आवाजात म्हणाली, “निम्म ऊरु यावुदु?”

भट्टजी चमकले. “अज्जी!” असे म्हणून त्यांनी दोन्ही हात जोडले. पशुपतिनाथाची पूजा परंपरेने कर्नाटकातून आलेल्या भट्टांकडे आहे, हे आम्हा कोणास ठाऊक नव्हते. आजीने त्यांचे गाव विचारले होते. त्यांनी समुद्रकाठचे कुठलेसे नाव सांगितले आणि त्यानंतर आजी बोलू लागली. आरंभी अडखळत, एकेक शब्द चाचपीत. पण पुढे श्रावणातल्या कृष्णेसारखी! तिचा आवाजसुद्धा आमच्या ओळखीचा राहिला नाही. तो एखाद्या परकरी मुलीचा आवाज होता. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. आमचे वडील आपले सारे संस्कृत घेऊन धडा न आलेल्या विद्यार्थ्याप्रमाणे बाजूला उभे होते.

त्या रात्री धर्मशाळेत आजीने जे सांगितले, ते थोडक्यात असे. तिचे माहेर धारवाडजवळच्या एका खेड्यात. १९१७ साली, बाराव्या वर्षी, लग्न होऊन ती वाईस आली, तेव्हा तिला मराठी धड येत नव्हते. एकदा ती ‘ते भाकरी झालं’ असे म्हणाली आणि सारे माजघर खो खो हसले. सासूबाई रागावल्या नाहीत. “आता या घरची भाषा बोलायची हो,” एवढेच म्हणाल्या. पुढच्याच वर्षी एन्फ्लुएंझाच्या साथीत तिचे आईबाप आणि भाऊ आठवडाभरात गेले. माहेर उठले. परत जाण्यास घर नाही आणि बोलण्यास माणूस नाही. राहिले ते अंक. कारण मोजायचे ते मनातल्या मनात, त्याला कोणी हसत नाही.

“आई, इतक्या वर्षांत एकदाही बोलली नाहीस!” वडील म्हणाले.

“कुणाशी बोलू रे? तुम्ही सगळे मराठीच जन्मलात.”

तिचे माहेर कानडी मुलखातले, हे वडिलांना अर्थातच माहीत होते. परंतु माहीत असणे निराळे आणि ध्यानात येणे निराळे. पुष्कळ वेळ ते अंधारात स्वस्थ बसून राहिले. मग मला जवळ घेऊन म्हणाले, “मातृभाषा या शब्दाचा विग्रह सांग.”

मी सांगितले, “मातुः भाषा. षष्ठी तत्पुरुष.”

“हा विग्रह मी वीस वर्षे शिकवीत आलो,” ते म्हणाले. “अर्थ आज कळला.”

आमच्या घरातील पहिला परदेशप्रवास १९७० सालचा, असे सांगण्यात माझी चूक होत होती, हे मला पुढे कळले. तो घडला होता १९१७ साली, धारवाडहून वाईस. आणि तो करणारी मुलगी बारा वर्षांची, एकटी होती. तिला सोबत म्हणून कोणी तिची भाषासुद्धा बरोबर येऊ दिली नाही. यात दुष्ट असे कोणीच नव्हते. सगळे सज्जन होते; फक्त कोणी विचारले नाही, इतकेच.

वाईस परतल्यावर दिवेलागणीनंतर आजीजवळ बसून कानडी शिकायचे, असा नेम वडिलांनी मला घालून दिला. मी शंभरपर्यंत अंक आणि पाचपन्नास वाक्ये शिकलो. माझे उच्चार ऐकून ती पोट धरून हसे. १९७४ साली ती गेली. पुढे मीही शिक्षक झालो. ऊसतोडीसाठी आलेल्या लमाण कुटुंबांची मुले कधी वर्गात येत, दाखल्याचा अर्ज भरताना ‘मातृभाषा’ या रकान्यात ‘मराठी’ असे लिहिण्यापूर्वी मी त्यांना विचारी, “घरी आई कशी मोजते रे?” मूल आधी लाजे, मग मोजू लागे, आणि त्या दिवसापासून ते माझे होई.

मागच्या दिवाळीत मुलगा जर्मनीहून सहकुटुंब आला होता. सहा वर्षांची नात आमच्या माडीचा जिना चढताना पायऱ्या मोजीत होती : “आइन्स, त्स्वाय, द्राय...” सूनबाई तिला टोकणार, तोच मी म्हणालो, “मोजू दे तिला.” आणि नातीचा हात धरून, तिने सांगितलेला एकेक अंक तिच्यामागून म्हणत, मी जिना चढू लागलो. माझे उच्चार ऐकून तीही पोट धरून हसली.