तिसऱ्याच्या कानावर

तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसले की जिजाई फडक्यात भाकरी बांधून चढण चढायची. वाटभर बोल लावायची, पण तो विठोबाला. त्या काळ्यानंच माझा नवरा नादी लावला, म्हणायची. तिच्या पायात काटा रुतला तेव्हा तो काढायला विठोबाच आला, असं कथा सांगते. नवऱ्याची तक्रार तिसऱ्याकडे आणि भाकरी नवऱ्याकडे, ही वाटणी मला फार खरी वाटते.

त्या तिसऱ्याचं स्वतःचं घर तरी कुठे शांत! रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली, तिला शोधत देव पंढरपुरी आला. तिचं मंदिर आजही वेगळंच आहे. बायकांनी पहाटे जात्यावर या रुसव्याला पदरामागून पदर जोडले. ओव्यांतली रुक्मिणी जनीवरून, तुळशीवरून विठ्ठलाला खडसावते. स्वतःच्या घरात जे बोलायची सोय नव्हती, ते दळणारणीनं तिच्या तोंडून बोलून घेतलं.

बडोद्याच्या चिं. वि. जोशींचे चिमणराव काऊबरोबरच्या संसारातली फजिती वाचकाच्या कानावर घालतात. तिथे तिसरे आपण. 1933 च्या 'चिमणरावांचे चऱ्हाट'मधली ती माणसं आजही घरातली वाटतात, कारण काऊ गप्प बसत नाही. बायकोवरचे जे विनोद हल्ली फोनवर फिरतात, त्यांत तिचं उत्तरच नसतं. मला ते वाचवत नाहीत.

देवास जिल्ह्यातल्या लोहारद्याला काका-काकूंकडे गेलं की तिसरा मी. पेशवाईत माळव्यात आलेलं हे घर. एरवी बोलण्यात हिंदी मिसळते, भांडण मात्र निखळ मराठीत. परवा पोह्यांची बशी समोर येताच काकांचा हात जिरावण या खारट मसाल्याच्या डबीकडे गेला.

"सांग तुझ्या काकांना, आधी चव तरी घ्या म्हणावं."

"तिला म्हणावं, मीठ कमी आहे ते मला वासावरूनच कळतं."

काकूनं डबी ओढून घेतली. झाकण काढलं, चिमूटभर जिरावण त्यांच्या पोह्यांवर स्वतःच भुरभुरलं, वरून शेव घातली आणि झाकण घट्ट लावून डबी आपल्यापाशी ठेवली.

काका माझ्याकडे वळले. "बघितलंस? म्हणजे मीठ कमी होतंच."

"होतंच," काकू मलाच म्हणाली, "डॉक्टरांनी काय सांगितलंय, ते विचार त्यांना."