जागा धरणे

‘जागा धरणे’ म्हटले की मला देवळासमोरचे नाटक आठवते. जत्रेच्या रात्री पडदा वर जायला बारा-एक वाजायचे, पण आम्हा मुलांना दुपारी चारलाच हांतरी देऊन पिटाळले जाई. जागा धरायची म्हणजे नुसती पुढची धरून चालत नसे. खांबाआड नको, स्पीकरखाली नको, चणेवाल्याच्या वाटेवर नको. आजीला मध्येच उठावे लागते म्हणून कडेला हवी, पण कडेला दवही पडता कामा नये. एवढे सगळे जमवून हांतरी पसरली की मग ती जागा आमची. रात्री दहाला मोठी माणसे येईपर्यंत तिला कोणी हात लावत नसे. सकाळी हांतरी गुंडाळली की पुन्हा ते देवाचे अंगण.

ही विद्या कधी इंग्लंडमधल्या शेतात उपयोगी पडेल असे मला वाटले नव्हते. पण जुलै 2024 मध्ये तसे झाले खरे.

माझा चुलतभाऊ बाबलो 2013 पासून स्विंडनला असतो. कसा गेला हे गोव्यातल्या वाचकाला सांगायला नको. आजोबांची जन्मनोंद शोधली, कागद लिस्बनला गेले, पोर्तुगीज पासपोर्ट आला आणि भारतीय पासपोर्ट परत करावा लागला. आता तो एका गोदामात रात्रपाळी करतो. स्विंडनमध्ये गोंयकार इतके आहेत की बाजारात कोकणी कानावर पडली तरी कोणी वळून बघत नाही.

मी त्याच्याकडे गेलो तो नुसता फिरायला नव्हे. आमच्या जुन्या घराची वाटणी चालली आहे. बाकीच्या भावंडांचे ठरले होते की बाबलोने आपला वाटा सोडावा आणि त्यासाठी मुखत्यारपत्र द्यावे. “तू सरकारी माणूस, कागद तुला समजतात, तूच विषय काढ,” असे मला सांगण्यात आले. मसुदा माझ्या बॅगेत, कपड्यांच्या तळाशी होता. पंधरा दिवसांच्या रजेतले आठ दिवस गेले तरी तो तिथून बाहेर आला नव्हता.

बाबलोच्या चौदा वर्षांच्या मुलाला मोटारशर्यतींचे वेड. सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीची तिकिटे आणि तंबूसाठी शेतातली जागा त्यांनी आदल्या वर्षीच घेऊन ठेवली होती. हे त्यांचे तिसरे वर्ष. यंदा एक तिकीट माझेही होते.

गुरुवारी 4 जुलैला आम्ही निघालो. स्विंडनहून ऑक्सफर्डमार्गे सिल्व्हरस्टोन शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. त्या दिवशी तिथे पार्लमेंटची निवडणूक होती. वाटेत एका शाळेबाहेर मतदान केंद्राची पाटी दिसली. माझी मेमधली निवडणूक ड्युटी अजून अंगात होती, म्हणून मी सहज विचारले, “तू मत देऊन आलास?” बाबलो म्हणाला, “मला नाही रे मत. इथे पार्लमेंटला पोर्तुगीजांना देता येत नाही. आणि 7 मेला तिकडे तुम्ही मते घेतलीत तेव्हा तिथेही माझे नाव नव्हते.” त्याने हे अगदी साधेपणाने सांगितले. मी गप्प बसलो.

सिल्व्हरस्टोनची जागा मुळात विमानतळाची. दुसऱ्या महायुद्धात 1943 साली तिथे बाँबफेकी विमानांच्या वैमानिकांना शिकवण्यासाठी तळ उघडला. युद्ध संपल्यावर धावपट्ट्या ओस पडल्या आणि 1948 मध्ये तिथे मोटारी धावू लागल्या. फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदाची पहिलीच शर्यत 13 मे 1950 रोजी इथे झाली. आजचा मार्ग 5.891 किलोमीटरचा आहे, फेऱ्या 52. एका लांब सरळ पट्ट्याचे नाव अजून ‘हँगर स्ट्रेट’ आहे. पुतण्या हे सारे आपल्या आरतीसारखे घडाघडा म्हणतो.

विमानतळासाठी सपाट जमीन निवडली हे वैमानिकांच्या सोयीचे, तंबूवाल्यांच्या नव्हे. वरून सपाट आणि खाली चिकण माती, म्हणजे पावसाचे पाणी जाणार कुठे? 2000 साली ही शर्यत जुलैऐवजी एप्रिलमध्ये ईस्टरला ठेवली होती. तेव्हा पावसाने गाड्या उभ्या करायच्या शेतांचा असा चिखल झाला की शनिवारी लोकांना येऊच नका म्हणून सांगावे लागले. चार दिवसांच्या प्रेक्षकांची बेरीज आता चार लाखांच्या पुढे जाते. त्यातले हजारो लोक आसपासच्या शेतांत तंबू ठोकून राहतात. चार दिवसांपुरते गावच वसते म्हणा ना.

आमचे शेत एका शेतकऱ्याचे. फाटकावरच्या पोराने आमची चिठ्ठी बघितली आणि हात हवेत फिरवून “त्या बाजूला, कुठेही” असे सांगितले. दोन तंबूंत सहा मीटर अंतर ठेवायचे, आगीच्या भीतीने. उघडी चूल पेटवायची नाही. बाकी जागा तुमची तुम्ही बघा.

पुतण्याने एक जागा लगेच पसंत केली. फाटकापासून जवळ, शौचालये हाकेच्या अंतरावर, गवत मऊ, हिरवेगार, गालिच्यासारखे. मी तिथे उभा राहिलो आणि पायाखाली मला ते बरे वाटेना. बाकीच्या शेतातले गवत फिके आणि इथलेच एवढे हिरवे का? मध्ये मध्ये लव्हाळ्यासारखे उभे, गोल काडीचे गवत होते. आमचे आजोबा मोरड, खेर आणि खाजन या जमिनी नुसत्या चालून ओळखायचे. त्यांचे एक म्हणणे होते की पाणी दिसत नसले तरी गवत चुगली करते. मी म्हटले, “हांगा नाका, बाबलो. उदक सांचतलें.” पुतण्या नाराज झाला. बाबलोने वाकून मातीत बोट घातले आणि म्हणाला, “दादा म्हणतो ते खरे.”

मग आम्ही शेतभर फिरलो. बाबलोचेही नियम होते, पहिल्या दोन वर्षांत ठेच लागून शिकलेले. शौचालयाला लागून नको, रात्रभर दार आपटते आणि दिवा डोळ्यांवर येतो. फार लांबही नको. जनरेटर कुठे ठेवलाय ते आधी बघायचे. जाण्यायेण्याच्या वाटेवर नको, रात्री बिअर पिऊन येणारा दोरीत अडकून तुमच्या अंगावर पडतो. तिथला वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा तंबूचे दार त्या दिशेला ठेवायचे नाही, आणि त्या बाजूला झुडपांचे कुंपण असेल तर उत्तम. जराशी चढण असेल तर डोके वरच्या बाजूला. मला पुन्हा ती हांतरी आठवत होती. चणेवाल्याऐवजी बिअर पिणारे, एवढाच फरक.

शेवटी वरच्या कुंपणालगतचा एक कोपरा ठरला. तिथे एक म्हातारे इंग्रज जोडपे आधीच तंबू लावून बसले होते. बाबलोला बघून त्यांनी हात केला. गेल्या दोन्ही वर्षी तो त्यांच्याच शेजारी होता. “जागा वाईट असली तर एक रात्र जाते, शेजारी वाईट असला तर चारही जातात,” बाबलो म्हणाला. स्विंडनला घर भाड्याने घेतानाही त्याने आधी शेजारचे दार ठोठावले होते म्हणे.

इथे माझी चूक सांगितली पाहिजे. गवताबद्दल मी बरोबर ठरलो म्हणून माझी छाती फुगली होती. माझा एकट्याचा छोटा तंबू मी एका मोठ्या झाडाखाली लावायचे ठरवले. उन्हात तंबू कशाला? सावली बघून बसणे हे आपल्या हाडात आहे. वहिनी हळूच म्हणाली, “भावोजी, इथे झाडाखाली नको असते,” पण मी थोरला, पाहुणा. तिने पुढे काही म्हटले नाही. बाबलोने मुकाट्याने माझ्या खुंट्या ठोकून दिल्या.

शुक्रवारी रात्री पाऊस आला. पाऊस थांबत होता, पण माझ्यावरचा थांबत नव्हता. पानापानांत साठलेले थेंब टपोरे होऊन तंबूवर असे पडत होते की छपरावर सुपाऱ्या ओतल्यासारखे वाटावे. फांद्या करकरत होत्या. तंबूच्या शिवणीतून पाणी झिरपू लागले. दोन वाजता मी उशी काखोटीला मारून बाबलोच्या तंबूच्या दाराशी उभा राहिलो. तो जागाच होता. रात्रपाळीच्या माणसाला रात्री झोप कुठली? कोणी काही बोलले नाही. बाहेरच्या पडवीसारख्या भागात त्याने गॅसवर चहा ठेवला.

चहा पिताना त्याने विचारले, “राजांगणात अजून पाणी तुंबते काय रे?”

मी म्हटले, तुंबते. गटाराच्या तोंडाशी फणसाचे मूळ आले आहे.

“बाबा दर मे महिन्यात ते साफ करायचे,” तो म्हणाला. मग थोडा वेळ पावसाचाच आवाज होता. नंतर तोच म्हणाला, “दादा, तू कागद घेऊन आलायस ना? धाकट्याने फोनवर सांगितले मला. तू काढशील म्हणून आठ दिवस वाट बघतोय.”

मला त्या अंधारातही मान वर करवेना. आठ दिवस मी त्याच्या घरी जेवलो होतो. त्याच्या मुलाने आपली खोली मला दिली होती आणि मी त्या खोलीत बॅगेच्या तळाशी तो कागद लपवून ठेवला होता.

“मी सही देतो,” बाबलो म्हणाला. “लंडनला जाऊन साक्षांकित करून पाठवतो. वाटा घेऊन मी काय करू? इथे बसून कौले बदलणार आहे? फक्त एक कर. न्हाणीकडची खोली आहे ना, ती नावावर नको मला. पण मी आलो की तिथे माझी हांतरी घालायची. त्या दिवसांत ती दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. एवढे सांग सगळ्यांना.”

मी हो म्हटले. दुसरे काय म्हणणार?

शनिवारी सकाळीही पाऊस होता. पुतण्याने पसंत केलेल्या त्या हिरव्या जागेवर घोटाभर पाणी होते. तिथे उतरलेल्या एका कुटुंबाची गादी तरंगत होती आणि त्यांची गाडी शेतकऱ्याने ट्रॅक्टर लावून ओढून काढली. म्हाताऱ्या इंग्रजाने आपली एक ताडपत्री दिली, आम्ही त्यांच्या पोरांना चहा-बिस्किटे दिली. पुतण्याने माझ्याकडे आदराने पाहिले खरे, पण लगेच माझ्या भिजलेल्या तंबूकडे बोट दाखवून हसला. दोन्ही योग्यच होते. पाण्याबद्दल मला जे कळत होते ते माझ्याबरोबर समुद्रापार आले. सावलीबद्दलचे आले नाही. कुठले ज्ञान बरोबर घेऊन जावे आणि कुठले त्या जागेला विचारून घ्यावे, हे बाबलो अकरा वर्षांत शिकला. मला एक रात्र भिजावे लागले.

रविवारी शर्यत झाली. मध्येच पाऊस, मध्येच ऊन, चाके बदलण्याची धावपळ. लुइस हॅमिल्टन जिंकला, या मैदानावर नवव्यांदा. डिसेंबर 2021 नंतरचा त्याचा तो पहिला विजय. माझ्या शेजारचा एक आडदांड माणूस पोरासारखा रडला. पुतण्याचा घसा बसला. मला शर्यतीतले फारसे कळले नाही, पण जत्रेतला आनंद ओळखता येतो.

सोमवारी तंबू काढले. जिथे ते होते तिथे गवत दबून पिवळे पडले होते. मी ते बघत उभा होतो तर म्हातारीने सांगितले, आठवड्यात वर येईल, काळजी करू नका. पुढल्या वर्षी कोपरा धरून ठेवू, असेही बाबलोला म्हणाली.

घरी आल्यावर मी भावंडांना बाबलोचे म्हणणे सांगितले. धाकट्याने विचारले, “हे कागदावर कुठे लिहायचे?” इतकी वर्षे सरकारी टेबलावर काढली, उताऱ्यावर नाव लावण्याचे आणि काढण्याचे अर्ज मला तोंडपाठ आहेत. पण आल्यावर हांतरी घालण्याच्या हक्कासाठी कुठला रकाना नाही. ते लिहायचे नसते, पाळायचे असते, एवढेच मी त्याला सांगितले. देवळासमोरच्या जागेचे तरी कुठे लिहिलेले असायचे?

असो. बाबलोचा कागद आला. या मे महिन्यात गटाराच्या तोंडचे फणसाचे मूळ मी स्वतः उभा राहून तोडून घेतले. न्हाणीकडची खोली झाडून ठेवली आहे. जत्रेला तो येतो म्हणाला आहे.