धुराड्यातला धूर

१९६३ सालच्या मे महिन्यात गॉर्डन कूपर हा अमेरिकन अंतराळवीर एका चिमुकल्या यानात बसून एकटाच पृथ्वीप्रदक्षिणा करीत होता. ३४ तासांत त्याच्या २२ प्रदक्षिणा झाल्या. यान तिबेटच्या पठारावर आले, तेव्हा त्याने खिडकीतून खाली पाहिले. तेथील हवा विरळ व स्वच्छ. कूपरला रस्ते दिसले, घरे दिसली. इतकेच नव्हे, तर धुराड्यांतून निघणारा धूरही दिसला! दिसले तसे त्याने सांगितले.

ते कोणाला पटेना. शंभर मैलांवरून घर कसे दिसेल? एकटेपणामुळे त्याला भास झाला असावा, अशी शंकाही घेतली गेली. कॅमेरा त्याच्यापाशी होता. परंतु घराएवढी बारीक वस्तू त्याच्या फिल्मवर उमटणे शक्य नव्हते. आता साक्षीदार आणावा कोठून? खरे बोलणाऱ्याची ही केवढी पंचाईत!

मात्र त्याच कॅमेऱ्याने तिबेटच्या पर्वतरांगा आणि सरोवरे सुरेख टिपली होती. पॉल लोमन या भूगर्भशास्त्रज्ञाने अशा छायाचित्रांचा कसून अभ्यास केला. डोंगर पायी हिंडणाऱ्याला एका वेळी एखादाच कडा दिसतो. खडकाला पडलेली भेग शेकडो मैल गेली असेल, तर तिची दोन टोके त्याने एकत्र कशी पाहावी? विमानातून काढलेली चित्रे जोडावीत, तर एक सकाळचे, दुसरे दुपारचे. सावल्या जुळत नाहीत. अंतराळातून मात्र तो सारा मुलूख एका क्षणी, एकाच उन्हात, एका चित्रात येतो.

१९६५ च्या ऑगस्टमध्ये कूपर पुन्हा अंतराळात गेला. या खेपेस चार्ल्स कॉनराड हा सोबती होता. त्यांच्या दृष्टीची परीक्षा घेण्यासाठी टेक्सासमधील लारेडो गावाजवळ जमिनीवर मोठमोठे पांढरे पट्टे मांडून ठेवले होते. भरवेगाने जाणाऱ्या यानातून त्यांची मांडणी ओळखावयाची होती. ती ओळखता आली.

पुढे १९७२ साली पहिला लँडसॅट उपग्रह पृथ्वीची चित्रे पाठवू लागला आणि या कामाचा मोठा भार यंत्रांनी उचलला. तरीही आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील अंतराळवीर आजही हाती कॅमेरा घेतात. कोणत्या ज्वालामुखीचे, कोणत्या नदीमुखाचे चित्र हवे, याची यादी त्यांना जमिनीवरून धाडली जाते. यादीबाहेरचे काही नजरेस पडले, तर तेही ते टिपून ठेवतात.