उरणहून नेरूळ

जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल धावू लागली आणि रायगडचा हा किनारा नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमशी एका तिकिटाने जोडला गेला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तो येथेच. शीव-पनवेल महामार्गालगतचे हे स्टेडियम चर्चगेटच्या वानखेडेहून मोठे. तरी पेढीवरच्या माणसाला वानखेडेच उजवे वाटावे. तेथे गर्दी स्थानकातून पायी निघते, वाटेत चहा पिते, टोपी विकत घेते. महामार्गाकाठी मोटारीतून उतरलेला प्रेक्षक थेट फाटकात शिरतो. शेजारच्या दुकानदाराच्या वाट्याला वाहतुकीची कोंडी आणि त्यात अडकलेले नेहमीचे गिऱ्हाईक. उरणचा प्रेक्षक मात्र लोकलने येणारा, रस्त्याने चालणारा. परतीच्या गाडीपूर्वी त्याने खरेदीही नेरूळलाच उरकली, तर उरणच्या पेठेतले तेवढे गिऱ्हाईक कमी.