थांबे

रायपुरात तात्यापाऱ्याहून बुढा तलावाकडे फिरायला जाताना अण्णा दोनदा थांबू लागले होते. कधी दुकानाची पाटी वाचीत, कधी चपलेशी चाळा करीत. पोटरीत कळ येते, हे त्यांनी सांगितले नाही. पायाचा अंगठा काळवंडला तेव्हा आम्हांला कळले. चाळीस वर्षांच्या विडीने मांडीतली धमनी बुजत आणली होती.

शल्यविशारदांनी तीन वाटा सांगितल्या. जांघेतून तार घालून फुग्याने धमनी रुंदावणे, लागल्यास स्टेंटची जाळी बसविणे. पायातलीच शीर काढून अडथळ्याला बायपासचा वळसा देणे. दोन्ही न साधल्यास पाय कापणे. तिसरी वाट ऐकताना मी खिडकीबाहेर पाहिले. अण्णा डॉक्टरांकडेच पाहत होते.

१६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईच्या मांडीतली अशीच धमनी चिरफाड न करता उघडली. तेव्हा फुगा नव्हता. तारेवरून नळ्या सरकविल्या. पाय कापू देण्यास बाईंनी साफ नकार दिला होता. अण्णांना मी हे सांगितले.

"मग चालली का ती?"

"अखेरपर्यंत."

फुग्यावर भागले, अंगठा मात्र गेला. विडीही सुटली, असे ते म्हणतात. परवा त्याच वाटेवर ते थांबले. मी घाबरून त्यांच्या पायाकडे पाहिले. ते खरोखरच पाटी वाचीत होते.