विकणें आहे

वर्तमानपत्रांतील "विकणें आहे" या सदरावर माझें फार दिवसांचें प्रेम आहे. ज्या वस्तु आपल्याला घ्यावयाच्या नाहींत त्यांच्या जाहिराती वाचण्यांत एक निर्भेळ सुख असतें. पायपेटी, शिलाईचें यंत्र, सागवानी पाळणा! प्रत्येक ओळीमागें कोणाच्या तरी संसारांत कांहीं तरी घडलेलें असतें, आणि जाहिरात नेमकें तेवढेंच सांगत नाहीं. तें काम आपल्या कल्पनेकडे येतें. परंतु गेल्या महिन्यांत जी जाहिरात माझ्यापुढें आली ती मला अशी तटस्थपणें वाचतां आली नाहीं. ती माझ्या मुलानें ऑकलंडहून पाठविली होती आणि तिच्याखालीं एकच ओळ होती: "बाबा, तुम्हांला काय वाटतें?"

जाहिरात एका कॅटामरानची होती. चाळीस फूट लांबीची, 2008 सालीं फ्रान्समध्यें बांधलेली, दोन देहांची शिडाची नौका. सध्यां न्यूझीलंडच्या उत्तरेस फांगारेई येथें बांधून ठेवलेली. "दूरच्या प्रवासास सर्व सामग्रीनिशीं सज्ज." घरासाठीं जमविलेली रक्कम या नावेंत घालावी, दोघांनीं नोकऱ्या सोडाव्या, आणि पांच वर्षांच्या नातीला घेऊन तीन वर्षें पॅसिफिक महासागराच्या बेटांवरून हिंडावें, असा चिरंजीवांचा आणि सूनबाईंचा बेत! त्या रकमेंत आमच्या कोंकणांतल्या जागेचे पैसेहि आहेत. तेव्हां माझें मत विचारणें हा केवळ शिष्टाचार नव्हता.

माझें मत तयारच होतें. तें काय असणार, हें कोणत्याहि पेन्शनराला सांगावयास नको. मात्र आपल्या नकाराला कांहीं आधार असावा म्हणून मी जाहिरात पुन्हां वाचावयास बसलों, आणि तेथेंच फसलों.

पहिली मौज नांवाची. तामीळ भाषेंत कट्टु म्हणजे बांधणें आणि मरम म्हणजे लांकूड. चोलमंडळाच्या किनाऱ्यावरचे कोळी चार ओंडके दोरानें आवळून त्यांवर समुद्रांत जात, तोच कट्टुमरम. सतराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम डॅम्पिअर या दर्यावर्दी इंग्रजानें आपल्या प्रवासवृत्तांत तो शब्द नेला, आणि पुढें तो चिकटला तो भलत्याच नावेला,— पॉलिनेशियन लोकांच्या जुळ्या होडीला. म्हणजे नांव तामीळ, घाट पॅसिफिकचा आणि कारागीर फ्रेंच! आमच्या मालवणकडच्या होडीला एका अंगास जी उलांडी असते, तीहि याच कुळांतली दूरची नातेवाईक म्हणावयाची. लहानपणीं आजोळीं गेलों म्हणजे उलांडीवर बसण्याचा मी हट्ट धरीत असें, आणि आजी दर वेळीं किनाऱ्यावरून ओरडून मला खालीं उतरवी. ती आठवण नेमकी आतांच यावी, हें माझ्या नकाराच्या दृष्टीनें फारसें सोयीचें नव्हतें.

गोऱ्या लोकांनीं या जुळ्या नावेला सहजासहजीं आपल्यांत घेतलें नाहीं. 1876 सालीं न्यूयॉर्कच्या एका शर्यतींत नॅथॅनिअल हेरेशॉफ या तरुण अमेरिकनाची "अमॅरिलिस" सर्वांच्या पुढें निघून गेली, तेव्हां तक्रार होऊन तिलाच अपात्र ठरविण्यांत आलें! पुढें 1955-56 मध्यें जेम्स व्हॅरम या इंग्रजानें दोन जर्मन तरुणींच्या सोबतीनें अटलांटिक महासागर ओलांडून त्रिनिदाद गांठलें. त्याची कॅटामरान घरच्याघरीं बांधलेली आणि अवघी साडेतेवीस फुटांची होती.

साडेतेवीस फूट! आणि माझ्यापुढल्या जाहिरातीची यादी संपतां संपेना. दोन इंजिनें, उन्हापासून वीज करणारे पॅनेल, तीन नांगर, साठ मीटर साखळी, जीवरक्षक तराफा, उपग्रहावरून बोलणारा फोन, दोन शीतपेट्या, शिलाईचें यंत्र, कपडे धुण्याचें यंत्र. समुद्राचें पाणी गोडें करणारें यंत्रहि आहे. दर चौरस इंचास सुमारें 800 पौंड दाब देऊन तें पाणी एका पडद्यांतून दाबून काढतात, आणि मीठ मागें राहतें. वाचतां वाचतां मला हायसें वाटूं लागलें. एवढा बंदोबस्त असल्यावर भीति कशाची?

पण थोडें अधिक वाचल्यावर ध्यानांत आलें कीं, भीति या बंदोबस्ताचीच आहे. एका देहाच्या नौकेच्या तळाशीं शिशाचें किंवा लोखंडाचें जड वजन असतें. ती वाऱ्यानें कलते, पण त्या वजनामुळें पुन्हां सरळ होते. कॅटामरानला तें ओझें नाहीं. ती उभी राहते ती आपल्या रुंदीवर. त्यामुळें ती फारशी कलत नाहीं आणि चहाचा पेला टेबलावर जागच्या जागीं राहतो. मात्र एकदां उलटली तर आपली आपण सरळ होत नाहीं. तिचें सगळें सामर्थ्य हलकेपणांत. जों जों सामान चढवावें तों तों ती पाण्यांत दबते, मंदावते, आणि दोन देहांना जोडणाऱ्या तक्तपोशीवर खालून लाटांचे तडाखे बसूं लागतात. "सर्व सामग्रीनिशीं सज्ज" हे शब्द मीं पुन्हां वाचले, आणि या वेळीं ते मला तितकेसे भूषणावह वाटले नाहींत.

याचें कारण आमच्या माळ्यावर आहे. पेन्शन मिळाल्यावर दोघांनीं पायीं नर्मदेची परिक्रमा करावी, असें आम्हां उभयतांचें ठरलें होतें. शास्त्राप्रमाणें तीन वर्षें, तीन महिने, तेरा दिवस. परिक्रमावासीनें जवळ फारसें कांहीं बाळगूं नये, मिळेल तें खावें, हा तिचा नियम; आणि आम्हीं मात्र दर वर्षीं एक एक वस्तु जमवीत गेलों. दोन पाठपिशव्या, गरम मोजे, छोटा स्टोव्ह, पावसाळी कापड, नकाशे. एक वर्षी काठ्या मिळाल्या, तर बूट राहिले. बूट आले, तर तिचे गुडघे दुखूं लागले. पत्नी जाऊन सहा वर्षें झालीं. तें सर्व सामान अजून माळ्यावर आहे, वापरलेलें नाहीं, आणि उत्तम स्थितींत आहे. असल्या वस्तूची जाहिरात कशी लिहितात, हें मला ठाऊक आहे.

पण फांगारेईची ती नौका न वापरलेली नाहीं. फ्रान्सहून ती निघाली आणि अर्धी पृथ्वी ओलांडून तेथें आली. नोव्हेंबर ते एप्रिल हा दक्षिण पॅसिफिकमधला चक्रीवादळांचा हंगाम. तो टाळण्यासाठीं कित्येक नौका न्यूझीलंडकडे उतरतात, आणि बऱ्याच जणांचा प्रवास तेथेंच संपतो. मागें फिरावें तर नित्याचा वारा तोंडावर, पुढें जावें तर उरलेली अर्धी पृथ्वी! यादीच्या अगदीं शेवटीं, धुण्याच्या यंत्राच्याहि खालीं, एक ओळ होती: "कठड्याभोंवतीं मुलांसाठीं बांधलेली जाळी. आमच्या मुलीला आतां तिची गरज नाहीं."

ती ओळ मीं किती वेळां वाचली, हें चिरंजीवांना कळविण्याचें कारण नाहीं.

यादींत एका गोष्टीचा उल्लेख मात्र कोठेंच नव्हता. डोलकाठी ज्या तारांच्या ताणावर उभी असते, त्या तारांचें वय. बाहेरून त्या चकचकीत दिसतात, आणि आंतून एखाद्या सांध्याशीं झिजलेल्या असतात. दहा-बारा वर्षांनीं त्या बदलाव्या, असा बहुतेक विमेवाल्यांचा आग्रह असतो. नौका 2008 ची आहे.

काल रात्रीं मीं उत्तर लिहिलें. "तारा केव्हां बदलल्या तें लेखी मागून घे. जाणत्या माणसाकडून नाव पाण्याबाहेर काढवून तपासून घे, त्याचे पैसे मी देईन. कपडे धुण्याचें यंत्र उतरवून टाक. जाळी ठेव."